ला कांदेलारियातील खाद्यफेरी आणि केळीचे चार प्रकार

रावेर-यावल पट्ट्यातील माणसाला केळीबद्दल परक्या मुलखात काही शिकायला मिळेल, असे सहसा वाटत नाही. आमचा केळीचा बाग आजोबांच्या काळापासून आहे आणि घड पाहूनच फणीचा अंदाज बांधणारी माणसे घरात आहेत. तरीही कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटा शहरातील ला कांदेलारिया या जुन्या वस्तीत एका संध्याकाळी पायी फिरत जे पाहिले आणि खाल्ले, त्यात केळीचा भाग एवढा मोठा होता की त्याविषयी आपल्या भागातील वाचकांसाठी सविस्तर लिहावे, असे मनापासून वाटले.

माझा भाचा नोकरीनिमित्त त्या शहरात राहतो आणि ही खाद्यफेरी त्यानेच ठरवली होती. सोबत एक स्थानिक बाई होत्या; त्या स्पॅनिशमध्ये सांगत आणि भाचा मला मराठीत समजावत असे. बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,640 मीटर उंचीवर आहे आणि विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. सूर्य खाली गेला की गारठा एकदम वाढतो. मे महिन्यात 45 अंशांचा पारा सोसणाऱ्या जळगावकराला शालीशिवाय चालणे कठीणच. तिथल्या जेवणात वाफाळत्या पातळ पदार्थांना एवढा मान का आहे, हे त्या थंडीत आपोआप कळते.

फेरीची सुरुवात दिवस मावळण्यापूर्वीच, प्लाझा दे बोलिवार या मुख्य चौकाजवळच्या ‘ला पुएर्ता फाल्सा’ या 1816 पासून चालत आलेल्या छोट्याशा खाणावळीत झाली. इथे गरम चॉकलेट घ्यायचे असते. उंच, निमुळत्या भांड्यात चॉकलेट उकळते आणि लाकडी घुसळणी दोन्ही तळव्यांमध्ये धरून, आपण ताकाची रवी फिरवतो तशी, भराभर फिरवून त्याला फेस आणतात. पेल्यासोबत पांढऱ्या चीजचे तुकडे येतात. ते चॉकलेटमध्ये टाकून, मऊ पडले की चमच्याने काढून खायचे. गोड आणि खारट यांची ही जोडी मला प्रथम विचित्र वाटली, पण दुसऱ्या तुकड्यानंतर तिचे म्हणणे पटले. सोबत आलमोहाबाना नावाचा मक्याच्या पिठाचा आणि चीजचा मऊ पाव होता.

तिथून आम्ही ‘सेतिमा’ म्हणजे सातव्या रस्त्याने अवेनिदा हिमेनेसच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. लोकनेते होर्हे एलिएसेर गायतान यांची 9 एप्रिल 1948 रोजी इथेच हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत शहराचा मध्यभाग जळाला. खाद्यफेरीत हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण पुढच्या थांब्याचा संबंध याच घटनेशी होता. एम्बुदो नावाच्या चिंचोळ्या बोळातून चोर्रो दे केवेदो या लहानशा चौकाकडे जाताना दुतर्फा चिचा विकणारी दुकाने आहेत. चिचा हे आंबवलेल्या मक्याचे पेय असून ते या पठारावरील मुइस्का लोकांचे आहे. स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून ते इथे बनत होते. 1948 च्या दंगलीचे खापर सरकारने या गरिबांच्या पेयावर फोडले आणि त्यावर बंदी आणली. चिचामुळे बुद्धी मंद होते, अशी भित्तिपत्रकेही त्या काळात लागली होती. कष्टकऱ्यांच्या ताटातील वस्तूला बदनाम करणे सत्तेला किती सोपे असते, हे तिथे उभे राहून ऐकताना मला फार वाईट वाटले. आज तेच पेय तरुण मुले आवडीने, उघडपणे पितात. आमचे घर माळकरी असल्यामुळे मी फक्त वास घेतला. तो आंबलेल्या पिठाचा होता. भाच्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, “मावशी, ताकापेक्षा आंबट आहे.”

शहराची स्थापना 1538 मध्ये याच चोर्रो दे केवेदोच्या जागी झाली, असे परंपरेने मानतात. चौकाच्या बाजूच्या एका खाणावळीत भाच्याने आहियाको मागवले. त्यात कोंबडी, मक्याचे कणीस आणि तीन जातींचे बटाटे असतात. त्यांपैकी छोटा पिवळा ‘क्रिओया’ शिजता शिजता विरघळतो आणि त्यानेच रस्सा दाट होतो. ‘गुआस्कास’ नावाचा पाला नसेल तर बोगोटाकर त्याला आहियाको म्हणतच नाहीत.

माझ्यासाठी पाताकोन आले आणि माझी खरी मेजवानी तिथे सुरू झाली. कच्च्या, हिरव्या भाजीच्या केळीची साल काढून जाड काप करतात, ते एकदा तळतात, गरम असतानाच दाबून चपटे करतात आणि पुन्हा तळतात. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ असा हा काप ‘ओगाओ’सोबत खातात. टोमॅटो आणि पातीचा कांदा मंद आचेवर शिजवून ओगाओ करतात. कांद्याची पात पाहून मला आमच्या भरिताची आठवण झाली.

तेच केळ पिवळे झाले की त्याचे गोडसर काप तळतात. साल काळी पडली की ते आख्खे निखाऱ्यावर भाजतात आणि मधोमध चिरून त्यात चीज व पेरूची वडी भरतात. आणि घडाघडाने निर्यात होणारी, आपल्या ओळखीची कॅव्हेंडिश केळी नुसती खातात. पिकण्याच्या प्रत्येक टप्प्याला तिथे एक पदार्थ आहे. गंमत अशी की केळ मूळचे त्यांचे नाहीच, ते आशियातले. तोमास दे बेर्लांगा या धर्मगुरूने 1516 मध्ये कॅनरी बेटांवरून कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर केळीची रोपे नेली, अशी नोंद आहे. उलट आपल्या भरितातील आणि ठेच्यातील मिरची आणि शेंगदाणा मूळचे अमेरिका खंडातले. त्यांच्याकडून आलेल्या वस्तूंवर खान्देशाने आपली चूल उभी केली. मग जळगावच्या ज्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती आपल्या ताटात मात्र उपवास, वेफर्स आणि क्वचित कच्च्या केळीची भाजी यांपलीकडे का जात नाही? सावदा-रावेरहून माल रेल्वेने दिल्लीकडे जातो, पण त्याच गावांतील हॉटेलांत शेवभाजीशेजारी केळीचा एकही पदार्थ मिळत नाही, ही गोष्ट मला आता सलते.

शेवटी एका गाडीवर पनेलाचे पाणी घेतले. पनेला म्हणजे साधा उसाचा गूळच. गुळाच्या उत्पादनात भारताखालोखाल कोलंबियाचाच क्रमांक लागतो. दालचिनी घालून उकळलेल्या या पाण्यात रात्री दारू मिसळून देतात, मी ती न घालता मागितले आणि विक्रेत्याने आनंदाने दिले.

घरी आल्यावर पाताकोन आमच्या ग्रँड नैन या कॅव्हेंडिश गटातील केळीचे करून पाहिले. भाजीच्या केळीत असतो तेवढा पिठूळपणा तिच्यात नसल्यामुळे काप थोडे नरम होतात, पण घड उतरवल्या दिवशीची हिरवीगार केळी घेतली, काप बोटभर जाड ठेवले आणि दुसऱ्यांदा तेल चांगले तापू दिले तर ते छान कुरकुरीत होतात. ओगाओऐवजी वहिनीने लसणाचा ओला ठेचा ठेवला आणि माझ्या मते तो ओगाओपेक्षाही सरस लागतो.