किल्टची वही, नोंद चौथी: निऱ्यांचा उतार जमला, ॲक्रिलिक जमेना

एडिंबरात रॉयल माइलवर घेतलेला ब्लॅक वॉच चौकडीचा ॲक्रिलिक किल्ट (स्कॉटलंडमधला पुरुषांचा, गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा) शनिवारी दिवसभर घातला. ग्लासगोहून बॅलॉखपर्यंत ट्रेन, लॉख लोमंडच्या काठानं चालणं, मग परत. पुढून छान दिसत होता. संध्याकाळी मित्रानं मागून काढलेला फोटो दाखवला आणि डोकंच फिरलं. मागच्या निऱ्या मोडक्या पंख्यासारख्या पसरलेल्या, ट्रेनमध्ये बसल्याची घडी आडवी उमटलेली, खालची कड वरखाली.

रात्रीच कंबरपट्टा उसवायला घेतला. निऱ्या पट्ट्याखाली जेमतेम तीन इंच मशीनच्या टिपेनं शिवलेल्या, पुढे मोकळ्या. २४ इंच लांबीच्या किल्टला फेल, म्हणजे निऱ्यांचा शिवून बंद केलेला भाग, साधारण एक तृतीयांश हवा. म्हणजे ८ इंच. नितंबांच्या सगळ्यात रुंद भागापर्यंत निऱ्या बंद राहिल्या तरच तिथून खाली त्या सरळ पडतात. शिवण त्याच्या वरच संपली की शरीर निऱ्यांना आतून ढकलत राहतं, आणि एकदा बसून उठलं की त्या जागेवर येत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून वाईट. प्रत्येक निरी कमरेला जेवढी रुंद, तेवढीच खाली. उतार दिलेलाच नाही. कंबर आणि नितंब यांतला फरक बाजूचे बकलाचे पट्टे आवळून भागवायचा, असा सगळा हिशेब. पट्टा आवळला की वर झोल येतो आणि खाली निऱ्या फाकतात.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझं बेंबीवरचं माप ३४ इंच, नितंबांचं ४०. (जीन्सवरचा आकडा इथे कामाचा नाही, तो बराच खालचा असतो.) ढोबळमानानं अर्धा घेर पुढच्या एप्रनला, म्हणजे बिननिऱ्यांच्या सपाट भागाला, अर्धा निऱ्यांना. म्हणजे मागे कमरेला १७ इंच, खाली २०. निऱ्या २०. प्रत्येक निरी खाली १ इंच दिसायला हवी आणि कमरेपाशी ०.८५ इंच. फरक जेमतेम ४ मिलिमीटरचा. पण तो दिलाच नाही तर वीस निऱ्यांत ३ इंच कापड फुकट कमरेशी गोळा होतं. किल्ट महाग का असतो ते मला या ४ मिलिमीटरांत कळलं. हे काम हाताचंच आहे.

म्हणून हातानंच केलं. आखूड बिटवीन सुई, पॉलिस्टरचा दोरा मेणावरून ओढून घेतलेला, आणि प्रत्येक निरीवर खडूनं दोन खुणा, एक फेलच्या टोकाला आणि एक कमरेला. आधी कच्चे टाके, मग पक्के. मशीनवर निरी घातली की वरचं कापड किंचित सरकतं आणि शेजारच्या निरीशी आडव्या रेघा जुळत नाहीत. हातात ती प्रत्येक टाक्याला पाहता येते. या चौकडीचा सेट, म्हणजे नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंतचं अंतर, सुमारे ६ इंचांचा आहे आणि एका निरीत एक अख्खा सेट जातो, त्यामुळे शिवून झाल्यावर मागेही पुढच्यासारखीच पूर्ण चौकट दिसते. पहिल्या सहा निऱ्यांवरून हिरवी आडवी पट्टी एकसंध गेलेली दिसली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. अजूनही हँगरवर टांगलेल्या किल्टची पाठ बघून घेतो. फेल सुरेख बसलाय.

फेलच्या खाली मात्र लढाई चालू आहे. लोकरीला ओलं फडकं, गरम इस्त्री आणि वरून लाकडी ठोकळा दिला की घडी बसते आणि राहते. ॲक्रिलिकला तेवढी उष्णता सोसत नाही, ते मऊ पडतं आणि चकाकायला लागतं. मंद इस्त्रीची घडी सकाळपर्यंत सैल. आतल्या घड्यांच्या कडेला बारीक टीप मारून पाहिली, थोडा फरक पडला. पण खालची कड दुमडून शिवलेली आहे, आणि प्रत्येक निरीत ती दुमड थरावर थर येऊन जाड होते नि निरीला बाहेर ढकलते. चांगल्या किल्टला खाली दुमड नसतेच. कापडाचा मूळ काठच खालची कड असतो. दुमड उसवली तर इथे धागे सुटतील, कारण काठ कापून टाकलेला आहे.

तेव्हा हा किल्ट पावसातल्या चालण्यासाठी राहील. पुढचा बेत होता भाड्यानं देऊन झालेल्या लोकरी किल्टचा. लग्नाचे कपडे भाड्यानं देणारी दुकानं जुना माल विकतात, आणि स्वस्तात खरी लोकर, ८ यार्ड, हवी असेल तर याहून चांगली वाट मला दिसत नाही. एक हातात घेऊन पाहिला: खाली मूळ काठ, फेल व्यवस्थित, पट्टे ऐसपैस. पण १६ औंसाच्या कापडाचे (हे वजन दुहेरी पन्ह्याच्या एका यार्डाचं, किल्टला पन्हा अर्धाच लागतो) ८ यार्ड म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास वजन. टी-शर्ट आणि बूट घालून बाजारात जायला मला ते नको.

तिथेच सुचलं की हाच उसवून ४ यार्डांचा बॉक्स प्लीटचा (दोन्ही कडा मागे दुमडलेल्या रुंद, चपट्या निऱ्यांचा) करावा. अठराव्या शतकाच्या अखेरचे शिवलेले किल्ट साधारण तसेच, कमी कापडाचे असत. सुदैवानं त्या किल्टचं अस्तर एका बाजूनं सुटलेलं होतं. आत पाहिलं तर फेलमागचं जास्तीचं कापड कापून काढलेलं. जाडी कमी करायला ही पद्धतच आहे, आणि ती योग्यच आहे, पण एकदा कापल्यावर निऱ्या नव्यानं पाडता येत नाहीत. बेत तिथेच सोडला.

(हे लिहिता लिहिताच ठरतंय.) आता पॉली-व्हिस्कोज (पीव्ही) कापडच घेऊन स्वतः शिवणार. यॉर्कशरच्या मार्टन मिल्सचं पीव्ही हाताळलं आहे. लोकरीसारखं पडतं, मशीनमध्ये धुता येतं, घडी ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी बरी धरतं. दुहेरी पन्ह्याचं २ यार्ड घेऊन मधोमध लांबीत कापलं की ४ यार्ड होतात, आणि दोन्ही तुकड्यांना एकेक काठ मिळतो तो खाली. जोड निरीच्या आत लपेल. बॉक्स प्लीटच्या निऱ्या कमी आणि रुंद, म्हणजे उताराचं काम वीसऐवजी सात-आठ ठिकाणी.

पहिला स्वस्त किल्ट कोणता घ्यावा, असं विचारणाऱ्यांना माझं आजचं उत्तर: चौकडी कोणतीही आवडेल ती घ्या, चौकड्यांना स्कॉटिश कुळांची नावं असली तरी कुळाचं बंधन नाही. यार्डांचा आकडा शेवटी विचारा. आधी किल्ट उलटा करून फेल कुठपर्यंत शिवलाय ते बोटानं मोजा, कमरेची आणि खालची निरी टेपनं ताडून पाहा, मग खालची कड बघा. शिवायचं नसेल आणि थंडीत घालायचा असेल, तर भाड्याच्या दुकानातला जुना लोकरीचा डोळे मिटून घ्या.

एक अडलंय. बॉक्स प्लीटला उजवीकडचा खालचा तिसरा पट्टा ठेवावा का? माझा कल दोनच पट्ट्यांकडे आहे, कारण तो खालचा जरा आवळला की एप्रन तिरका ओढला जातो. ज्यांनी दोन पट्ट्यांचा घालून पाहिलाय त्यांनी सांगा, कापड कापायच्या आधी कळलं तर बरं.