आमची वाटचाल : अल्टरनेटर, बॅटरी आणि मधली तार

आण्णांनी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दुकान टाकलं तेव्हा एक बॅटरी चार्जर, एक टेस्ट लॅम्प आणि आर्मेचरची तार गुंडाळायचा लाकडी ठोकळा एवढंच भांडवल होतं. आण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हाच्या अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाटना बॅटरी चार्ज करायला डायनॅमो असायचा. इंजिन संथ चालू असलं की तो चार्जिंग देत नसे, डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणत राहायचा. रात्रभर स्टँडवर भाड्याची वाट बघणाऱ्या टॅक्सींच्या बॅटऱ्या सकाळी आमच्या दारात रांगेनं यायच्या. दुकान चाललं ते त्या उतरलेल्या बॅटऱ्यांवर.

मग डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. गिऱ्हाईक आजही त्याला डायनॅमोच म्हणतं, आणि आम्हीही बोलताना म्हणतो, पण आतली रचना उलटी आहे. डायनॅमोत वीज फिरत्या आर्मेचरमध्ये, म्हणजे तारेच्या फिरत्या वेटोळ्यांत तयार व्हायची आणि सगळा करंट कार्बनमधून, म्हणजे त्यांना घासत राहणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांतून, बाहेर काढावा लागायचा. अल्टरनेटरमध्ये फिरतं ते करंटवर चालणारं चुंबक, आणि वीज तयार होते बाजूच्या स्थिर वेटोळ्यांत. कार्बनमधून जातो तो फक्त चुंबकाला लागणारा चार-पाच अँपिअरचा करंट. वेटोळ्यांतून तीन फेजची एसी निघते, सहा डायोड तिची डीसी करतात आणि रेग्युलेटर चुंबकाचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज १४ च्या आसपास धरून ठेवतो. आण्णांनी जळलेले अल्टरनेटर उघडून एकेक डायोड तपासत हे स्वतः समजून घेतलं. मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

दुकान माझ्याकडे आलं तेव्हा मी एक चूक केली आणि ती बरीच वर्षं चालली. बॅटरी उतरते अशी तक्रार आली की मी मोठी बॅटरी द्यायचो. ४५ अँपिअर-तासांच्या जागी ६५. गिऱ्हाईक खूश, गल्ल्यात पैसे. हे चूक आहे हे मला एका बोलेरोनं शिकवलं.

ती गाडी करवीर तालुक्यातल्या एका मंडप-स्पीकरवाल्याची. प्रचार असो, मिरवणूक असो, गाडी तास-तास पावलापावलानं चालायची आणि टपावर अ‍ॅम्प्लिफायर वाजत असायचा. पहिल्या मोठ्या बॅटरीनंतर चार महिन्यांत ते परत आले. "काय ओ मालक, नवी बॅटरी बसली की!" मी आणखी मोठी दिली. तीही बसली. मग अल्टरनेटरही मोठा घालून दिला, तर आठवड्यात चार्जिंगची वायर इतकी तापली की तिचं वेष्टण चिकट झालं. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा बोलले काहीच नाहीत, फक्त चावी टेबलावर ठेवली. मला त्या दिवशी फार लाज वाटली.

गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि पहिल्यांदाच सगळं मोजत बसलो. सगळा लोड चालू, क्लॅम्प मीटरवर ६० अँपिअर. अल्टरनेटरच्या टर्मिनलला १४.२ व्होल्ट आणि बॅटरीवर फक्त १३.३. म्हणजे ०.९ व्होल्ट वाटेतच संपत होते, ५४ वॅट नुसती उष्णता होऊन. त्यातले ०.३ प्लसच्या वायरीत. उरलेले ०.६ कुठं गेले ते शोधायला अर्धा दिवस लागला. इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थिंग पट्टी, म्हणजे करंटच्या परतीची जोडणी, आतून कुजली होती आणि बॅटरीच्या मायनसचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा कान, बॉडीच्या रंगावरच बसवला होता.

शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरायला १४ व्होल्टच्या पुढं लागतं. १३.३ वर ती अर्धवट भरते आणि तशीच अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट होत जातं. मग पुढं कितीही चार्ज करा, क्षमता परत येत नाही. त्या बॅटऱ्या मी मारल्या नव्हत्या, पण मरायला घातल्या होत्या.

त्या मालकांना हे समजवायला मला पंचगंगेवरच्या पाणीपुरवठ्याचा दाखला पुरला. मोटर दहा एचपीची आणि पाइप दोन इंची असेल तर शेवटच्या सरीला पाणी पोचेल का? अल्टरनेटर ही मोटर, वायर हा पाइप, बॅटरी ही वरची टाकी. टाकी मोठी केली म्हणून पाणी वाढत नाही. पाइपचा दाखला एकाच ठिकाणी अपुरा पडतो: विजेला परतीचीही वाट लागते. बॉडीतून मायनसकडे येणारी वाट म्हणजे सर्किटचा निम्मा भाग, आणि आमच्याकडच्या पावसात आधी तीच कुजते.

तेव्हापासून आम्ही तीन वायरी एकत्र बघतो: अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, इंजिन ते बॉडी, बॅटरी मायनस ते बॉडी. एक वाढवली आणि दोन तशाच ठेवल्या तर उपयोग नाही. त्या बोलेरोला ३५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल घातली. २ मीटर लांबीला ६० अँपिअरवर तिच्यात जेमतेम ०.०६ व्होल्ट पडतो. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण तेवढ्याच जाडीत तिचा रोध दीडपटीच्याही वर असतो, म्हणून ती आम्ही दुकानात ठेवत नाही. लग हायड्रॉलिक प्रेसनं दाबतो, रंग खरवडून पत्र्यावर बसवतो, वरून ग्रीस. आणि प्लसच्या केबलला बॅटरीजवळ फ्यूज, अल्टरनेटरच्या पूर्ण करंटपेक्षा मोठा पण केबल सोसेल त्यापेक्षा लहान. जाड केबल उघडी पडून बॉडीला टेकली तर फ्यूजशिवाय गाडी पेटते. यावर आम्ही घासाघीस ऐकत नाही.

केबल जाड केली म्हणून अल्टरनेटरची ताकद वाढत नाही, हेही आम्ही आधीच सांगतो. ९० अँपिअर लिहिलेला अल्टरनेटर संथ इंजिनवर निम्माच देऊ शकतो. म्हणून मिरवणुकीच्या गाडीला इंजिनाची संथ गती थोडी वाढवायला किंवा वेगळी बॅटरी वापरायला सांगतो.

आणखी एक जुनी सवय आम्हाला महागात पडली. डायनॅमोच्या काळात चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायची पद्धत होती. आमच्या एका कामगारानं तेच एका इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या गाडीवर केलं. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि ते झेलायला कोणी नसतं. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, गेला. खर्च आम्ही भरला. दुसऱ्या दिवशी आण्णांनी स्वतः सगळ्या पोरांना बोलावून सांगितलं की ही पद्धत मीच शिकवली होती आणि आजपासून ती बंद.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आणि पुन्हा २०२१ चा जुलै. पाण्यात बुडालेल्या गाड्या महिनोन्‌महिने येत राहिल्या. बेअरिंग बदलून, वेटोळी भट्टीत वाळवून अल्टरनेटर चालू व्हायचे, पण वायरीच्या आत शिरलेलं पाणी सहा महिन्यांनी बोलायचं. बाहेरून चकचकीत वायर, सोलली की आत हिरवी भुकटी. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट संपतात ते, मोजल्याशिवाय कळत नाही. ज्या गाड्यांच्या वायरी आम्ही वेळ नाही म्हणून तपासल्या नाहीत, त्यातल्या बऱ्याच परत आल्या.

आता नव्या गाड्यांनी पुन्हा शिकायला लावलंय. अल्टरनेटरला हुकूम ईसीयू देतो. कधी १२.८, कधी १४.८, ब्रेक लावताना वेगळं, चढावर वेगळं. १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर काढायचा नसतो. मायनस टर्मिनलवरचा छोटा सेन्सर बॅटरीत गेलेला-आलेला करंट मोजतो, म्हणून नंतर जोडलेल्या उपकरणाचं अर्थिंग थेट मायनसच्या खुंटीवर घेतलं तर त्याचा हिशेब चुकतो. ते बॉडीवरच घ्यावं लागतं. आणि स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीला साधी बॅटरी घातली तर ती फार दिवस तग धरत नाही. एजीएमच्या (काचतंतूंच्या चटईत अ‍ॅसिड शोषून ठेवणाऱ्या बॅटरीच्या) जागी एजीएमच.

दुकानात आता प्रत्येक गाडीची नोंदवही असते: अल्टरनेटरला किती, बॅटरीवर किती, प्लसचा ड्रॉप, अर्थचा ड्रॉप. बोलेरोचं पान पहिलंच आहे. केबल घातली त्या दिवशी तिच्यापुढं १४.२ आणि १४.१ असे आकडे आहेत. ती बॅटरी चार वर्षं चालली. नवी घालायला मालक आले तेव्हा मी आधी मीटर लावला: अजून १४.१. बॅटरी मूळ मापाचीच दिली, केबलला हात लावला नाही.