फ्रिजमधल्या बाटलीनं घात केला

उन्हाळ्यासाठी केलेलं कोलोन एसीच्या खोलीत कागदी पट्टीवर हुंगून पास करण्यात अर्थ नसतो. म्हणून त्या दिवशी आम्ही गरम खोली लावली होती. तापमान ३८ अंश सेल्सिअस, आर्द्रता ६० टक्के. तीन नमुने, हुंगणारे सहा जण, दिवसभराचं काम. दुपारी दीडपर्यंत ‘क’ नमुना जिंकल्यात जमा होता. संध्याकाळी सहाला तोच बाद झाला. त्याची खूण खरं तर भर दुपारीच दिसून गेली होती, पण कुणी मनावर घेतली नाही.

कोलोनमध्ये सुगंधी तेलं २ ते ५ टक्के असतात, बाकी अल्कोहोल आणि पाणी. १८व्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फरिनानं कोलोन शहरात हा प्रकार विकायला आणला, तेव्हापासून त्याचा गाभा लिंबूवर्गीय तेलांचाच आहे. आमचा ‘अ’ नमुना त्याच वळणाचा होता, वास टिकवणारं त्यात काही नव्हतं. ‘ब’मध्ये मिश्रणाचा जवळजवळ चौथा हिस्सा वास टिकवणाऱ्या दोन द्रव्यांचा: हेडिओन (जाईसारख्या हलक्या वासाचं रसायन) आणि मस्क (कस्तुरीसारख्या वासाचं). ‘क’ या दोघांच्या मधला, वर थोडं मेंथॉल.

‘क’चं तेलांचं मिश्रण १०० ग्रॅमला असं होतं: बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) ३०, लिंबू २०, गोड संत्रं १२, पेटिटग्रेन १०, हेडिओन १०, नेरोली ६, लॅव्हेंडर ६, रोझमेरी २, मस्क २, वाळा २. २०० ग्रॅम कोलोनसाठी हे मिश्रण ८ ग्रॅम, मेंथॉल ०.६ ग्रॅम, ९६ टक्क्यांचं अल्कोहोल १४० ग्रॅम आणि डिस्टिल्ड वॉटर ५१.४ ग्रॅम. मेंथॉलचे खडे आधी अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवायचे, मग तेलं, आणि पाणी सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत बारीक धारेनं. पाणी एकदम ओतलं की ते पडतं तिथे तेल फुटून वेगळं होतं आणि ढग उठतो.

बर्गमॉट ३० टक्के म्हणजे तयार कोलोनमध्ये १.२ टक्के. साधं, सालीतून दाबून काढलेलं बर्गमॉट इतकं घालताच येत नाही. त्यातल्या बर्गाप्टेन या फ्युरोकुमारिन जातीच्या द्रव्यामुळे उन्हात कातडीवर डाग उठतात, म्हणून अंगावर राहणाऱ्या वस्तूत त्याची इफ्रानं, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, घातलेली मर्यादा ०.४ टक्के आहे. आम्ही अर्थातच फ्युरोकुमारिन काढून टाकलेलं बर्गमॉट वापरलं होतं. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलाला हीच मर्यादा २ टक्के आहे, आपलं ०.८ होतं. उन्हाळी कोलोन उन्हातच लावलं जाणार, त्यामुळे हा हिशेब वासाच्याही आधी करायचा असतो. घाईत तोच राहून जातो.

चाचणीची रीत अशी. हुंगणाऱ्यांनी वीस मिनिटं गरम खोलीत बसायचं, अंगाला घाम सुटू द्यायचा, मग बाहेरच्या खोलीत येऊन हाताच्या आतल्या बाजूवर १५ सेंटिमीटरवरून दोन फवारे घ्यायचे आणि एक मिनिट थांबून परत आत जायचं. फवारणी आत करायची नाही. ९६ टक्के अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, साधारण १७ अंशांवर असतो आणि ३८ अंशांच्या बंद खोलीत हीटर चालू असतो. बाहेर एक्झॉस्ट चालू ठेवूनच हे काम होतं. नमुन्यांना तीन आकडी सांकेतिक क्रमांक दिलेले होते. एका फेरीत प्रत्येकाला एकच नमुना. लागोपाठ तीन कोलोनं हुंगली की तिसऱ्याला नाक न्याय देत नाही. मधे नाकाला विसावा म्हणून स्वतःच्याच बाहीचा कपडा हुंगायचा, कॉफीच्या बियांपेक्षा तो बरा. नोंदी १, ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना.

‘अ’चा लिंबू-बर्गमॉटचा झळाळता भाग कातडीवर १२ मिनिटांत गेला. त्याच वेळी थंड खोलीतल्या पट्टीवर तो पाऊण तास टिकून होता. लिंबूवर्गीय तेलांतली लिमोनिन, पायनिन ही टर्पीन जातीची मंडळी मुळात उडायला उतावीळ, त्यात कातडी गरम आणि ओली. ‘ब’ दोन तास राहिला, पण अर्ध्या तासानंतर त्याच्यात ताजं असं काही उरलंच नाही. घामाच्या वासावर मस्कची गोडसर चादर पसरली. एकानं नोंदीत ‘धुतलेले कपडे नीट न वाळता घडी घातल्यासारखं’ लिहिलं, आणि त्याहून नेमकं मलाही लिहिता आलं नसतं. कोलोन टिकत नाही म्हणून ओरड झाली की लोक मस्क वाढवतात. थंडीत ते खपून जातं.

‘क’ चाळीस मिनिटं स्वच्छ राहिला आणि मग हेडिओन-वाळ्याच्या हलक्या ओलसर वासावर विसावला. गारव्यालाही सगळ्यांनी सर्वांत जास्त गुण दिले. पण ‘गार वाटतं’ या एका शब्दात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. मेंथॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम-८ या ग्राहीला चेतवतं, तापमान उतरवत नाही. खरा गारवा बाष्पीभवनाचा. एक ग्रॅम इथेनॉल उडताना साधारण ८५० जूल उष्णता घेतं, एक ग्रॅम पाणी जवळजवळ २४००. हिशेबानं पाणीच भारी, पण दमट हवेत पाणी उडायला वेळ लावतं. इथेनॉलला हवेतल्या आर्द्रतेशी देणंघेणं नसतं, ते लगेच उडतं. ‘क’मध्ये पाणी वाढवलं ते अल्कोहोलचा पहिला झणका कमी व्हावा म्हणून. तो खरोखरच कमी झाला होता. मेंथॉल मात्र ०.३ टक्केही जास्त ठरलं. मानेवर लावलेल्या दोघांचे डोळे चुरचुरले.

दीडच्या फेरीत एका सहकाऱ्यानं कोपराच्या घडीत साचलेला थेंब दाखवला. पारदर्शक फवारा तिथे पांढरट झाला होता, ताकाच्या निवळीसारखा. पुसला, गेला. नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि पुढे गेलो.

उन्हाळ्यात लोक कोलोनची बाटली फ्रिजमध्ये ठेवतात. म्हणून तिन्ही नमुन्यांची एकेक बाटली सकाळीच ४ अंशांवर ठेवली होती. सहाला दार उघडलं तर ‘अ’ आणि ‘ब’ आरशासारखे, त्यांत पाणी १४ टक्केच होतं. ‘क’ दुधाळ. उजेडासमोर धरली तर बाटलीमागचं बोट दिसेना. टेबलावर ठेवल्यावर अर्ध्या तासात ती आपोआप निवळली. म्हणजे काही बिघडलं नव्हतं, फक्त विरघळलेलं बाहेर आलं होतं. लिंबूवर्गीय तेलांतले टर्पीन अल्कोहोलमध्ये सुखानं राहतात, पाण्यात अजिबात नाही. पाणी वाढलं किंवा तापमान उतरलं की त्यांचे सूक्ष्म थेंब सुटतात आणि प्रकाश विखुरतो. कोपरावरचा थेंबही तोच. तिथे फ्रिज नव्हता, पण घामाचं पाणी होतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ‘क’ काठावरच उभा होता, कुठूनही धक्का लागला की फुटणार.

तीन उपाय करून पाहिले. तेल पाण्यात मिसळवणारं पॉलिसॉर्बेट २० घातल्यावर बाटली निवळ राहिली, पण कातडीवर चिकटपणा आला आणि हलवलं की फेस. उन्हाळी कोलोनला हे चालणारच नाही. टर्पीन काढलेली लिंबू-संत्र्याची तेलं घातली तर ढग नाही, पण साल पिळल्यासारखी पहिली चिळकांडीही नाही. ती चिळकांडी लिमोनिनचीच असते, ते काढलं की लिंबाचा सांगाडा उरतो. पाणी १४ टक्क्यांवर आणलं तर सगळं सुरळीत, फक्त झणका परत आला.

शेवटी मधला मार्ग काढला: पाणी १६ टक्के, लिंबाचं निम्मं तेल टर्पीन काढलेलं, मेंथॉल ०.१. दोन आठवडे मुरवून ४ अंशांवर ४८ तास ठेवलं आणि थंडगार असतानाच गाळलं. गाळणी आणि भांडंही फ्रिजमधूनच काढलेलं. हे टाळून बाटली आधी टेबलावर आणली की सालीतलं मेण परत विरघळून गाळणीतून निसटतं आणि पुढच्या थंडीत पुन्हा बसतं. नव्या बाटल्या आठवडाभर ४ अंशांवर निवळ राहिल्या.

ओल्या कोपरावर थेंब अजूनही पांढरा होतो, पहिल्यापेक्षा उशिरा आणि कमी. त्यावर बाटलीच्या आत उपाय नाही, म्हणून बाहेर लिहिलं: आधी घाम टिपून घ्या, मग फवारा.