बाईंची हजेरी

बाईंनी सोबत पाटी आणली होती. आवाजाच्या उपचारासाठी माझ्यासमोर बसल्याबसल्या त्यांनी खडूने लिहिलं, 'दोन महिने झाले.'

जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या चौथीला शिकवतात. सर्दी-खोकला झाला, घसा बसला. खोकला गेला, पण आवाज परतलाच नाही. नुसती घुसमटलेली कुजबुज. कानघशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं: स्वरतंतूंवर गाठ नाही, सूज नाही. मात्र बोलायला गेलं की त्यांच्या वरच्या घड्या, म्हणजे खोटे स्वरतंतू, दोन्हीकडून आवळून येतात. निदान, मसल टेन्शन डिस्फोनिया, म्हणजे घशाचे स्नायू ताणल्यामुळे बिघडलेला आवाज. वरिष्ठांनी त्यातलं 'गाठ नाही, सूज नाही' एवढंच वाचलं आणि म्हणाले, "मग ही नाटकं कशाला?" हे नवऱ्याने सांगितलं तेव्हा बाईंनी मान खाली घातली. मला फार राग आला. आवळलेला स्नायू कोणी मुद्दाम आवळून धरत नाही हो!

मी त्यांना खोकायला सांगितलं. खोकला खणखणीत आला. लोकांना हाच ढोंगाचा पुरावा वाटतो. मला कळलं ते एवढंच, की तंतू नीट मिटताहेत.

मग मानेला हात लावला. हनुवटीखालचं हायॉइड हाड आणि त्याखालची स्वरयंत्राची कूर्चा यांच्यामध्ये बोटाला फट लागायला हवी, इथे लागेचना. दोन्ही बाजूंनी हलके गोल फिरवत बोटं खाली आणली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. दुखत होतं. दहाएक मिनिटांनी कूर्चा जराशी खाली उतरली.

पुढे अर्धा ग्लास पाणी आणि स्ट्रॉ. टोक जेमतेम दोन सेंटीमीटर बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. पाण्यामुळे हवा थोडी अडते, तिचा दाब तोंडात राहतो आणि तंतू जोर न लावता कंप पावतात. तीन वेळा नुसते बुडबुडे. चौथ्यांदा त्यांत बारीक गुणगुण ऐकू आली. बाईंनी पटकन गळ्यावर हात ठेवला.

"थांबू नका बाई. आता ओठ मिटून म्‌... मका... मोर..."

मोर स्वच्छ उमटला.

"आता हजेरी घ्या."

मुलांची नावं त्यांना तोंडपाठ. मनाली, माधव, मुक्ता... सहाव्या नावाला गळा पुन्हा आवळला. परत स्ट्रॉ, परत नावं. असं तीनदा करत सत्तावीस नावं झाली. पट चाळीसचा होता, पण मी तिथेच थांबवलं; मान थकली होती.

दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटं स्ट्रॉ. खाकरायचं नाही, कुजबुजायचंही नाही. बाईंनी पाटीवर लिहून घेतलं आणि गुरुवारची वेळ तोंडाने विचारली.