थ्रॉनचा तक्ता: पहिलं पुस्तक पूर्ण

‘एअर टू द एम्पायर’ या स्टार वॉर्स कादंबरीचा तक्ता अखेर शेवटच्या प्रकरणापर्यंत पोहोचला. तिचा लेखक टिमथी झान ज्यांनी अजून वाचला नसेल त्यांनी पुढे वाचू नये, कारण स्लुइस वॅनच्या लढाईसकट सगळं उघड होणार आहे.

नव्यांसाठी एवढंच सांगते. स्टार वॉर्सचे पहिले तीन चित्रपट 1977, 1980 आणि 1983 सालचे. तिसऱ्याच्या शेवटानंतर पाच वर्षांनी काय घडतं ते झानच्या त्रयीत येतं. तिचे भाग 1991, 1992 आणि 1993 मध्ये आले, आणि मी त्यांचा तक्ता काढते आहे. आडवी प्रकरणं, उभी पात्रं, आणि प्रत्येक चौकोनात एकच प्रश्न: या क्षणी या माणसाला काय ठाऊक आहे? निळी पेन्सिल थ्रॉनसाठी, हिरवी चित्रपटांचा नायक ल्यूक आणि मारा जेडसाठी, तांबडी ल्यूकचे साथीदार लेया, हान आणि लॅंडोसाठी. बडोद्याच्या रावपुऱ्यातून आणलेल्या ड्रॉइंग शीट एकमेकींना चिकटवल्या आहेत आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घराची ओसरीची भिंत त्यांनी व्यापली आहे. पुतणी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, “आत्या, तुझा निळा माणूस कुठवर आला?”

निळा माणूस म्हणजे ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन, हरलेल्या साम्राज्याच्या उरलेल्या ताफ्याचा सेनापती. निळी कातडी, लाल चमकणारे डोळे.

चित्रपटांना जोडून लिहिलेल्या कादंबऱ्यांकडे आपल्याकडचे वाचकही जरा वरूनच बघतात. माझं मत उलट आहे. अशा लेखकाच्या हाताला जे बंध असतात त्यांतून काही फार हुशार गोष्टी जन्मतात. अ‍ॅलन डीन फॉस्टरची 1978 ची ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ घ्या. पहिल्या चित्रपटाला फारसं यश मिळालं नाही तर कमी खर्चात दुसरा काढता यावा म्हणून ती लिहून घेतलेली. म्हणून गोष्ट धुक्याने भरलेल्या मिंबान ग्रहावर घडते. हॅरिसन फोर्डचा पुढच्या चित्रपटांसाठी करार नव्हता, म्हणून तीत हान सोलो नाही. आणि ल्यूक आणि लेया भावंडं आहेत हे प्रेक्षकांना 1983 मध्ये कळलं, त्यामुळे दोघांमधली ओढ आज वाचताना अवघडल्यासारखं होतं. पण धुक्यातली ती पायपीट मला आवडते.

झानपुढची अडचण याहून मोठी होती. तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी सम्राट मेला, त्याचा उजवा हात व्हेडर मेला, दुसरा डेथ स्टार हा महाशस्त्र-तळ फुटला, ल्यूक पूर्ण जेडाय, म्हणजे फोर्स ही गूढ शक्ती वापरणारा योद्धा, झाला. आता याला हरवणार कोण? सोपा मार्ग म्हणजे आणखी मोठं शस्त्र आणि आणखी काळा खलनायक. झानने तो घेतला नाही. त्याने दोन गोष्टी केल्या, आणि तक्ता काढताना त्या माझ्या नीट ध्यानात आल्या.

पहिली गोष्ट: शत्रू विचार करणारा आणला. थ्रॉनकडे फोर्स नाही. तो शत्रूच्या जमातीची चित्रं आणि शिल्पं पाहतो आणि त्यांवरून ती लढताना कुठे अडेल ते ठरवतो. सुरुवातीलाच एका एलोमिन कप्तानाच्या ताफ्याला तो मुद्दाम विस्कळीत वाटणाऱ्या हल्ल्याने गुंडाळतो, कारण त्या जमातीला आखणी नसलेला हल्ला झेपत नाही. विशेष म्हणजे आपण थ्रॉनच्या डोक्यात कधीच शिरत नाही. सगळं दिसतं ते कप्तान पेलिऑनच्या नजरेतून. हा मुरलेला, सभ्य, जुना नौदल अधिकारी. तो चकित होतो तेव्हा आपणही होतो. तक्त्यात थ्रॉनच्या ओळीतले बरेचसे चौकोन मी त्यामुळे कोरे ठेवले आहेत. त्याला काय ठाऊक आहे ते पेलिऑनला कळेल तेव्हाच रंग भरायचा. ती कोरी ओळ पाहिली की पुस्तकाचा ताण दुरूनही दिसतो.

चित्रं पाहून माणसं ओळखता येतात का, हा प्रश्न मला सोडेना म्हणून मी कीर्ती मंदिरात गेले. बडोद्यात राहून नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं इतक्या सावकाश मी कधी पाहिली नव्हती. गंगावतरण, मीराबाई, महाभारताचं युद्ध. युद्धाच्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिले. त्या भिंतीवरून चित्रकाराबद्दल खूप कळतं: गर्दी तो कशी बांधतो, नजर कुठून कुठे नेतो. पण एका चित्रकारावरून आख्ख्या समाजाची युद्धनीती काढायची तर मधे फार मोठी उडी आहे. कादंबरीत ती उडी पचते, कारण झान ती मोजक्या वेळा आणि फक्त निकालाच्या रूपात दाखवतो. थ्रॉनने सगळी पायरी-पायरी समजावून सांगितली असती तर जादू उतरली असती.

दुसरी गोष्ट मला जास्त प्रिय आहे: यसालामिरी. मिर्कर ग्रहावरच्या झाडांना चिकटून राहणारे हे सरड्यासारखे प्राणी स्वतःभोवती फोर्स शिरू देत नाहीत. झाडावरून ओढून काढले तर मरतात, म्हणून थ्रॉनची माणसं त्यांना अन्नरस पुरवणाऱ्या नळ्यांच्या चौकटीवर बसवून नेतात. थ्रॉनला ते हवेत कशाला? वेलँड ग्रहावर सम्राटाचं कोठार राखणारा वेडा जेडाय जोरूस सबेओथ आहे, त्याच्यासमोर उभं राहायला. आणि लेखकाला ते हवेत ल्यूकसाठी. तो मिर्करवर पोहोचतो तेव्हा त्याची सगळी शक्ती नाहीशी होते. लाइटसेबर ही प्रकाशाची तलवार चालते, पण हात साधा माणसाचा. सोबत त्याचा यंत्रमानव आर टू आणि त्याला मारायची शपथ घेतलेली मारा जेड. त्या जंगलातून चालत बाहेर पडायचं. नायकाला दुबळं करण्यासाठी कुणीही जखमी झालं नाही, कुणाची स्मृती गेली नाही. फक्त जागा बदलली. हिरव्या ओळीतली ही प्रकरणं मी पुन्हापुन्हा वाचली. पहिल्या पुस्तकाचं काळीज तिथे आहे.

आता तक्त्याचा खरा लाभ. निकलॉन हा सूर्याच्या इतका जवळचा ग्रह की ढालजहाजाच्या सावलीत लपल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. तिथे लॅंडोची चालती खाणवसाहत आहे, ग्रहाच्या रात्रीच्या बाजूने सरकत राहणारी. थ्रॉनची माणसं तिथली मोल मायनर नावाची खोदयंत्रं पळवून नेतात. पहिल्या वाचनात वाटलं, हा लॅंडोला गोष्टीत आणायचा बहाणा. तक्त्यात मात्र त्या चौकोनापासून तीन रेघा निघाल्या. पहिली: साम्राज्य पाडून आलेल्या नव्या सरकारकडे मालवाहू जहाजं पुरेशी नाहीत, म्हणून युद्धनौकाच माल वाहतात, तेही अगदी थोड्या खलाशांवर. दुसरी: वेलँडच्या कोठारातलं अदृश्य करणारं आवरण. तिसरी ही खोदयंत्रं. तिन्ही स्लुइस वॅनच्या गोदीत येऊन मिळतात. रिकामं भासणारं जहाज गोदीत शिरतं, त्यातून लढाऊ विमानं आणि खोदयंत्रं बाहेर पडतात, यंत्रं थोड्या खलाशांच्या युद्धनौकांना चिकटून आत भोक पाडतात. थ्रॉनला नौका फोडायच्या नाहीत, चोरायच्या आहेत. आणि यंत्रं लॅंडोची असल्याने त्यांना दुरून हुकूम देता येतो हे लॅंडोलाच ठाऊक असतं. हा हुकूम तो देतो तेव्हा नौका जागच्या जागी निकामी होतात, पण शत्रूच्या हाती लागत नाहीत. निळ्या आणि तांबड्या रेघा जिथे छेदतात तिथे मी दोन्ही पेन्सिली दाबून फिरवल्या आहेत.

तांबड्या ओळीत एक धागा अजून लोंबकळतोय. थ्रॉनचे नोग्री जमातीचे मारेकरी लेयाला पळवायला पुन्हापुन्हा येतात, आणि काशीक ग्रहावर त्यांच्यातला एक, खाबाराख, तिच्या वासावरून तिला व्हेडरची मुलगी म्हणून ओळखतो आणि हात आखडता घेतो. एका वासाने एवढं वळण! त्याचा उलगडा दुसऱ्या पुस्तकात.

2014 मध्ये स्टार वॉर्स काढणाऱ्या लुकासफिल्मने ही जुनी कादंबरी-परंपरा ‘लेजंड्स’ म्हणून बाजूला काढली, तेव्हा अनेकांना वाटलं की हे वाचण्यात आता अर्थ नाही. पण थ्रॉन 2016 मध्ये ‘रेबेल्स’ मालिकेत परत आला, आणि 2023 च्या ‘अहसोका’त लार्स मिकेलसनने त्याला देह दिला. ज्यांची ओळख तिथून झाली त्यांनी 1991 च्या थ्रॉनपासून सुरुवात करावी, असं मी आग्रहाने म्हणेन.

आता दुसरा भाग, ‘डार्क फोर्स रायझिंग’. काटाना ताफ्याच्या शोधासाठी पिवळी पेन्सिल काढली आहे: एकमेकींच्या संगणकांना जोडलेल्या, कधीकाळी हरवलेल्या ड्रेडनॉट युद्धनौका, आणि त्या कुठे आहेत हे कोणाला ठाऊक आहे हाच सगळा खेळ. माराची ओळ मी हिरव्यातून वेगळी काढते आहे, कारण ती ल्यूकच्या सोबत असली तरी तिला जे ठाऊक आहे ते ल्यूकला नाही. कुणी असा तक्ता तिन्ही भागांचा केला असेल तर सबेओथची ओळ कशी मांडलीत ते जरूर कळवा. त्याला काय ठाऊक आहे आणि त्याला काय भास होतो, हे एकाच चौकोनात बसवणं मला पटत नाही, म्हणून सध्या त्याचे चौकोन तिरप्या रेघेने दुभागले आहेत.