मखमलीचा भोपळा

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या आमच्या पिओरियात घरोघरी पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनपर्यंत ते टिकवायचे म्हणजे खारींशी रोजचं वैर, आणि कोरलेला भोपळा तर आठवडाभरात खाली बसून चिलटं गोळा करतो. मला नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या टेबलापर्यंत सजावट हवी होती, म्हणून यंदा कापडाचे शिवले.

सगळ्यात जास्त वेळ रंगाने खाल्ला. दुकानात सगळा केशरी बाजार. पण आमच्या जवळच्या मॉर्टन गावात भोपळा डब्यात भरायचा मोठा कारखाना आहे, आणि त्याच्यासाठी शेतात पिकतो तो डिकिन्सन भोपळा चक्क फिकट बदामी असतो. जाराडेल जातीचा तर निळसर करडा. मग केशरीचा हट्ट कशाला? एकासाठी बदामी मखमल आणली आणि दुसऱ्यासाठी आईची विटकरी, विरत चाललेली इरकल काढली. पदराला कात्री लावायचा धीर झाला नाही. अंगाचाच धड भाग घेतला.

कापायचा तो साधा आयत, लांबी उंचीच्या दुप्पट. मी वीस बाय दहा इंच घेतला. लांबी म्हणजे भोपळ्याचा घेर. उंची कमी धरली तर भोपळा चपटा होतो, जास्त धरली तर उभट. मखमलीवर आधी हात फिरवून लव कुठे झुकते ते बघायचं आणि ती वरून खाली येईल असं कापायचं. सुलट बाजू आत ठेवून दोन्ही आखूड कडा जोडायच्या. इथे मखमल यंत्राखाली सरकते, वरचा थर पुढे पळतो. नुसत्या टाचण्यांवर विसंबण्यापेक्षा आधी हाताने कच्ची शिलाई घातलेली बरी. इरकलीचे असले नखरे नाहीत.

मग खालच्या कडेला मोठ्या टाक्यांचा धावदोरा घालून तो आवळायचा, चुण्या गच्च बसल्या की गाठ. दोरा दुहेरी आणि जाड हवा. यंत्राचा साधा दोरा ऐन ओढताना तुटतो. आता सुलट करून भरायला घ्यायचं. तळाशी वजन लागतं. बरेच जण तांदूळ घालतात. मी घातले नाहीत, कारण वर्षभर खोकं गॅरेजमध्ये राहणार आणि तिथे उंदीर येतात. धुऊन वाळवलेले बारीक खडे कापडात बांधून ठेवले. वर उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, हाताने पिंजून, पुरेसा वाटला की त्यावर आणखी बराच. पुढे दोरे आवळले की तो दबतो, आणि कमी भरलेला भोपळा मग दमलेला दिसतो.

वरचं तोंड तसंच आवळून बंद केलं, तरी हाती आलं ते गाठोडंच. त्याच्या फाका कशा पाडायच्या, हे आईने फोनवर एका वाक्यात सांगितलं, “अगं, गादीला टाके घालतात ना, तसं आरपार जा.” बाहुल्या शिवणारे वापरतात ती पाच इंची सुई घेतली, तळातून मधोमध वर काढली, दोरा बाहेरून खाली आणून पुन्हा तळातून वर. प्रत्येक फेरीला ओढ सारखी ठेवायची. सहा फाका पुरतात. मखमलीला मी आठ केल्या, त्यामुळे लव प्रत्येक फाकेवर वेगळी चमकते. सगळ्या शिवणकामात मजा इथेच आहे, आधीचं सगळं हमाली.

देठासाठी खऱ्या भोपळ्याचा देठ सुंदर दिसतो, पण तो पुरता वाळलेला हवा, नाहीतर बुरशी कापडाला लागते. वाळलेला देठ हाताशी नव्हता, म्हणून अंगणातल्या मेपलची वाकडी काटकी गरम गोंदाने चिकटवली. इरकलीच्या भोपळ्याला दालचिनीचा तुकडा.

ठेवताना खोक्यात वर काही रचू नका. मखमल दबलीच तर इस्त्रीची वाफ लांबून द्यायची आणि मऊ ब्रशने लव उठवायची. इस्त्री टेकवली की तिथे कायमचा चट्टा पडतो.