पाणी नेमकं जातंय कुठे? न्यू जर्सीतल्या व्हिनाइल पूलचा अनुभव

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात स्विमिंग पूल होताच. तपासणीला आलेल्या माणसाने पूल आपल्या कामात धरत नाही असं सांगून हात झटकले. विकणारे म्हणाले, लायनर (पूलच्या आत अंथरलेलं प्लॅस्टिक) जुना आहे पण उत्तम आहे. खरी चौकशी केली ती विमावाल्यांनी: कुंपण चार फुटांचं आहे का, फाटक आपोआप बंद होऊन कडी लागते का. पाणी टिकतं का, हे कोणीच विचारलं नाही. आम्हीही नाही.

पूल १६ बाय ३२ फुटांचा. उथळ बाजूला साडेतीन फूट, खोल बाजूला आठ. सगळं मिळून सुमारे २० हजार गॅलन, म्हणजे ७५ हजार लिटर पाणी. बाजूला गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या भिंती, तळाला व्हर्मिक्युलाइट घातलेल्या सिमेंटचा थर आणि या सगळ्यावर अंथरलेलं व्हिनाइल नावाचं एकच अखंड प्लॅस्टिक, म्हणजेच लायनर. नाशिककडे द्राक्षबाग असलेल्या माझ्या काकांना हे व्हिडिओ कॉलवर समजावायला लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "अरे, हे शेततळंच की! कागद किती मायक्रॉनचा?" आमचा लायनर २० मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ५०० मायक्रॉन. त्यांच्या तळ्यातला कागदही तेवढाच जाड. पुढच्या सगळ्या भानगडीत इथल्या कंत्राटदारांपेक्षा काकांशी बोलणं मला सोपं गेलं.

जुलैत पाणी भराभर उतरायला लागलं. उन्हाने दिवसाला पाव इंच जातं, ते धरलेलंच असतं. त्याहून जास्त जातंय का हे बघायला बादली पुरते. बादली पूलच्या पायरीवर ठेवायची, आत आणि बाहेर पाण्याची पातळी सारखी करायची, दोन्हीकडे चिकटपट्टीने खूण करायची आणि २४ तासांनी बघायचं. बादलीतलं पाणी फक्त वाफ होऊन जातं. पूलचं त्याहून जास्त उतरलं तर गळती आहे. हे एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करावं. पंप चालू असताना जास्त गेलं तर बहुधा पूलकडे परतणाऱ्या पाइपात दोष असतो. दोन्ही वेळा सारखंच गेलं तर लायनर किंवा त्याला पाडलेली भोकं तपासायची. आमचं सारखंच गेलं.

तोवर एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने काहीही न तपासता सांगितलं, आजूबाजूची फरशी फोडून सगळे पाइप बदला. दुसऱ्याने आणखी कमाल केली: पूल रिकामा करून बघू म्हणाला! व्हिनाइल पूलमध्ये हे कधीही ऐकू नये. आतलं पाणी बाहेरच्या मातीचा दाब तोलून धरतं. ते काढलं की भिंती आत झुकू शकतात, आणि जमिनीखालचं पाणी वर आलेलं असेल तर ते लायनर खालून उचलतं. शिवाय जुनं व्हिनाइल कोरडं पडलं की आकसतं, आणि पुन्हा पाणी भरताना कोपऱ्यात फाटतं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आम्हीसुद्धा तळाला थोडं पाणी ठेवतोच, नाहीतर वाऱ्याने कागद फुगतो."

मग गॉगल लावून मीच उतरलो. पंप बंद करून पाणी अगदी स्थिर होऊ दिलं आणि गडद रंगाची पिचकारी संशयाच्या जागेजवळ अलगद सोडली. खाण्याचा रंगही चालतो. गळती असेल तिथे रंग पसरत नाही, सरळ आत ओढला जातो. व्हिनाइल सगळीकडे तपासत बसू नका. आधी जिथे भोकं पाडलेली असतात तिथे बघा: स्किमरचं (पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीचं) तोंड, पाणी परत येणारी तोंडं, तळाची जाळी, दिवा आणि पायऱ्यांच्या कडा. आमचा रंग स्किमरच्या चौकटीत गेला. तिथलं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी मऊ पट्टी, कडक होऊन बसलं होतं. दुसरी गळती पायरीच्या कोपऱ्यात, नखाएवढी चीर. गॅस्केट बदललं आणि चिरेवर पाण्याखाली लागणाऱ्या गोंदाने ठिगळ लावलं. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, चौकोनी कोपरे उचकटतात.

हिरव्या पाण्याचं प्रकरण वेगळंच. क्लोरीन भरपूर, तरी शेवाळ. ट्रायक्लोर या क्लोरीनच्या गोळ्यांबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात जातं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण जास्त झालं की त्याचा जोर कमी करतं, आणि ते आपोआप कमी होत नाही. १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) क्लोरीनमागे हे आम्ल सुमारे ६ पीपीएमने वाढतं. ते ३० ते ५०च्या आसपास असावं. आमचं शंभराच्या पुढे गेलं होतं, म्हणून क्लोरीन असून नसल्यासारखं. दुकानात शेवाळावरच्या बाटल्या विकायला तयारच असतात. खरा उपाय एकच, थोडं पाणी काढून नवं भरायचं. तेही टप्प्याटप्प्याने, उथळ भागात फूटभर पाणी ठेवूनच. तेव्हापासून आम्ही द्रव क्लोरीन वापरतो. गोळ्यांनी पीएचसुद्धा उतरतो, आणि आम्लधर्मी पाण्यात व्हिनाइलला सुरकुत्या पडतात.

ठिगळाने वर्ष निघालं. मग लायनरची वरची कड भिंतीच्या माथ्यावरच्या पट्टीतून निसटायला लागली. गरम पाणी ओतून, मऊ करून ती पुन्हा बसवता येते, पण आमचा लायनर पाण्याच्या रेषेवर पार ठिसूळ झालेला. शेवटी नवा घेतला. यात एक अट मी सोडली नाही: मापं घेऊन बनवलेला नवा लायनर दारात येईपर्यंत जुन्यातलं पाणी काढायचं नाही. २८ मिलचा घेतला. जाड लायनर अणकुचीदार वस्तूंपुढे जरा जास्त टिकतो. ऊन आणि रसायनं मात्र त्यालाही सोडत नाहीत, त्यामुळे जास्त पैसे मोजून दुप्पट आयुष्य मिळेल या भ्रमात राहू नका.

बसवण्याचा दिवस बघण्यासारखा होता. तळाचे खड्डे बुजवले, पत्र्यावरचा गंज घासला, लायनर कडेच्या पट्टीत अडकवला आणि मोठ्या व्हॅक्यूमने मागची हवा ओढली, तसा तो भिंतींना चपखल बसला. पाणी भरायला टँकर बोलावले. भिंतीतल्या तोंडांची भोकं पाणी त्यांच्या जरा खालपर्यंत पोचल्यावरच कापतात, कारण पाण्याच्या वजनाने लायनर ताणून जागेवर बसलेला असावा लागतो. जुना लायनर कचऱ्यात गेला, हे काकांना अजिबात पटलं नाही. "इथे असता तर कांदाचाळीवर टाकला असता," म्हणाले.

आता बादलीची परीक्षा मोसमात एकदा करतोच. ऑक्टोबरात पाणी गार पडलं की पातळी स्किमरच्या खाली आणतो, पाइपातलं पाणी हवेने उडवून बुचं मारतो आणि जाळीचं कव्हर ताणतो. एवढं सगळं होऊनही पाणी दिव्यापर्यंत किंचित उतरतं, म्हणजे वायर ज्या नळीतून जाते तिथून झिरपतंय. पुढच्या उन्हाळ्यात वीज तोडून, दिवा बाहेर काढून त्या नळीच्या तोंडात पाण्याखाली धरणारी पुटी भरायची आहे.